दुखणे घेऊन मरणारी मांजरे

शके अठराशे तीसच्या वैशाखात धार शहरात डोके दुखणे ही भाग्याची गोष्ट होऊन बसली. देवीसागर तलावाच्या पाळेवर, चिंचेच्या झाडाखाली शालिग्राममहाराजांनी आसन मांडल्यापासून ज्याचे काहीच दुखत नाही तो मनुष्य चारचौघांत करंटा ठरू लागला. दिवस वर येण्यापूर्वीच पाळेवर पाय ठेवायला जागा उरत नसे. अर्धशिशीच्या बायका कपाळाला फडके आवळून येत, संधिवाताचे म्हातारे मुलांच्या पाठुंगळी येत, हिवतापाचे रोगी त्या रणरणत्या उन्हाळ्यात घोंगडी पांघरून येत. आणि प्रत्येकाजवळ दोन वस्तू असत: एक वाटीभर दूध आणि पोत्यात घातलेले एक मांजर.

दूध कशाला, हे कोणालाही समजे. मांजर कशाला, हे महाराज स्वतः सांगत, आणि दिवसातून पन्नास वेळा सांगूनही त्यांच्या जिभेला शीण येत नसे.

"दुखणं म्हणजे पाहुणा, बच्चा! पाहुण्याला ऊठ म्हटलं तर तो उठेल. पण जाईल कुठं? त्याला दुसरं घर दाखवायला नको? वैद्य-डाक्टर इथंच चुकतात. ते पाहुण्याला पुढच्या दारानं हाकलतात, आणि तो परसदारानं परत येतो. हम उसको बिल्ली का घर दिखाते हैं!"

"जय हो!" गर्दी ओरडे.

मग महाराज दुधात चिमूटभर विभूती टाकीत आणि पुटपुटत. रोगी अर्धी वाटी पिई. उरलेली उष्टी अर्धी वाटी मांजरापुढे ठेवली जाई. अर्ध्या घटकेत कपाळावरचे फडके सुटे, घोंगडीतल्या मनुष्याला दरदरून घाम फुटे, आणि "गेलं! गेलं!" असा आनंदाचा कल्लोळ उठे. मांजर मिशा चाटीत असे. घरी नेल्यावर दुपारपर्यंत त्याला धाप लागे, तोंडातून लाळ गळे, मुखडा सुजे, जीभ आणि हिरड्या शाईसारख्या होत. आणि दुसऱ्या दिवशी ते मरून पडे. म्हणजे पाहुणा नव्या घरी सुखरूप पोचला, ह्याविषयी कोणालाही संशय उरत नसे.

ह्या गर्दीच्या मागे, छत्री उघडून, मोरोपंत तीन दिवस उभे होते. ते शाळेत संस्कृत शिकवीत, तरुणपणी काशीस न्यायशास्त्र पढलेले, आणि भाजीवालीने वांगी ताजी आहेत असे म्हटले तरी "हेतू काय?" असे विचारण्याची त्यांना खोड होती. तीन दिवसांत त्यांनी दोन गोष्टी टिपल्या. पहिली ही की, महाराजांसमोर धुनी पेटलेली असता विभूती मात्र मांडीखालच्या पितळी डबीतून येई. दुसरी ही की, जे भक्त रोज विभूती घेत त्यांचे ओठ आणि नखे निळसर पडत चालली होती. तांबट ओळीचा चौधरी संताजी ह्याचे ओठ तर जांभूळ खाल्ल्यासारखे दिसत. भट्टीपुढे बसून त्याचे डोके नित्य दुखे, आणि नित्य विभूती घेऊन ते नित्य थांबे.

"नीलकंठाची खूण आहे ही, पंत," संताजी ओठ दाखवून सांगे. "सगळ्यांच्या नशिबी नसते."

मोरोपंतांनी ह्याची थट्टा करून सोडून दिले असते. परंतु चौथ्या दिवशी गोष्ट थट्टेची राहिली नाही.

तांबट ओळीच्या टोकाला नर्मदाबाई नावाची विधवा राहत असे. तिची तीन मुले जन्मल्यापासून सहाव्या दिवसाच्या आतच गेली होती. तान्ह्या बाळांची राखण करणाऱ्या षष्ठीदेवीचे वाहन मांजर. म्हणून तिने व्रत घेतले होते, की दारी येईल त्या मांजराला दूधभात घालावा. वीस वर्षे ती घालीत आली. ओळीतली मांजरे नावाला कोणाचीही असोत, जेवायला नर्मदाबाईकडे असत. तिच्या दारात मोठा रांजण होता, भोवतीची जमीन ओली आणि गार असे. महाराजांच्या वाटीतले दूध प्यालेली मांजरे, धाप लागली, अंगाची आग झाली, की सरपटत त्या ओल्या जमिनीवर येऊन पडत. एका आठवड्यात तेथे पाच मेली.

संताजीने ही वार्ता महाराजांच्या कानी घातली. महाराजांनी डोळे मिटले. डोळे उघडले तेव्हा एक नवा नियम जन्माला आला होता.

"मरतं जनावर दुखणं घेऊन माघारी जातं. ज्यानं धाडलं त्याच्याच दारी! बच्चा, तुमच्या ओळीत डाकण बसली आहे. तुमची डोकी ती फोडते आहे. अमावास्येला सकाळी कपाळावर लोखंडाचा डाग द्या आणि वेशीबाहेर काढा. देवासला टेकडीखाली एकीला दिला, माझ्या डोळ्यांदेखत. त्या दिवसापासून तिथं कोणाचं डोकं दुखलं नाही."

अमावास्या चार दिवसांवर होती. भट्टी आणि सांडशी ह्यांची तांबट ओळीत वाण नव्हती. मोरोपंतांनी कोतवालीकडे अर्ज लिहायला घेतला, पण साक्षीला ओळीतला एकही मनुष्य नाव देईना. जातीच्या पंचायतीचे काम आहे, पंतांनी आपली पाठशाळा सांभाळावी, असे त्यांना दोन-तीन ठिकाणी नम्रपणे आणि एके ठिकाणी अनम्रपणे सांगण्यात आले.

तेव्हा त्यांनी सरळ मार्ग धरला. आणि तो चुकला.

ते पाळेवर गेले आणि भर सभेत म्हणाले, "महाराज, आपल्या डबीत विष आहे. मांजरे विषाने मरतात. तसे नसेल तर माझ्यासमोर पूर्ण वाटी प्या."

महाराजांनी पंतांकडे मोठ्या करुणेने पाहिले. मग त्यांनी स्वतः दूध मागितले, स्वतः विभूती टाकली, आणि वाटी पालथी करून शेवटचा थेंब जिभेवर घेतला. दाढी पुसली. एक घटका झाली, दोन घटका झाल्या. महाराज हसत होते, पान खात होते, मध्येच एक अभंग म्हणत होते.

"का हो पंत," कोणी तरी ओरडले, "विषाचं काय झालं? उतरलं का दाढीत?"

"न्यायशास्त्र, न्यायशास्त्र म्हणतात ते हेच ना?"

संताजी पुढे आला. तो मूर्ख नव्हता. "एकाच वाटीतलं दूध, पंत. अर्धं माणूस पितो, अर्धं मांजर पितं. विष असतं तर दोघं मेली असती. माणूस बरा होतो आणि मांजर मरतं. आता तुम्हीच सांगा, हे विष का देव?"

महाराज म्हणाले, "पंडितावर रागावू नका. त्याच्या तोंडून ती डाकणच बोलते आहे. डाग एक नको, दोन द्या. एक कपाळाला, एक जिभेला."

नर्मदाबाई पाळेच्या कडेला उभी होती. तिने हे ऐकले. तिने मोरोपंतांकडे पाहिले. रागाने नव्हे, परंतु न विचारता मदतीला धावलेल्या मनुष्याने आपली काठीच मोडावी तेव्हा लंगडा जसा त्याच्याकडे पाहतो, तसे.

उन्हातून घरी येईतो पंतांची अर्धशिशी उठली. डाव्या डोळ्यामागे कोणी खिळा ठोकतो आहे असे त्यांना होई. ते अंधाऱ्या खोलीत भिंतीला डोके टेकून बसले. त्यांच्या पत्नी सुमंगलाबाईंनी दूध आणून दिले. अर्धे ते कसेबसे प्याले, अर्धे मळमळीने राहिले. थोड्या वेळाने खिळा निघाला. डोके हलके झाले, घाम आला, झोप लागली.

सकाळी उठले तेव्हा सुमंगलाबाई चुलीपाशी बसून रडत होत्या. घरची मांजर, ठमी, चुलीमागे मरून पडली होती. पंत वाकले. मांजरीची जीभ निळी होती.

"दुधात काय घातले होतेस?"

"रागावू नका," सुमंगलाबाई म्हणाल्या. "शेजारणीकडून चिमूटभर आणली होती. तुमचं डोकं फुटत होतं, मला पाहवेना. उरलेली वाटी चुलीशी ठेवली, ती हिनं चाटली. तुमचं दुखणं हिनं घेतलं हो!"

पंत रागावले नाहीत. आपले डोके त्या विभूतीने थांबले, हे त्यांना कबूल करणे भाग होते. आणि जे कबूल करणे भाग आहे ते कबूल न करणारा मनुष्य महाराजांहून वरचढ कसा? विभूती माणसाचे दुखणे थांबवते. ही प्रतिज्ञा सिद्ध. मांजर त्याच विभूतीने मरते. हीही सिद्ध. ह्या दोहोंमध्ये पाहुणा कोणी पाहिला होता?

एकाएकी ते म्हणाले, "ही नर्मदाबाईच्या दारात मरायला का गेली नाही?"

"ती कशाला जाईल तिकडे?" सुमंगलाबाईंनी पदराने डोळे पुसले. "तिला खायला मी घालते."

पंत उठून उभे राहिले. मांजरीला त्यांनी फडक्यात गुंडाळले, पुडीत उरलेली विभूती घेतली, आणि पागोटे न बांधताच दवाखान्याची वाट धरली.

दवाखान्यातला कंपौंडर उमाशंकर हा माळव्यातलाच. बारा वर्षे त्याने महूच्या छावणीत औषधे कुटली होती. त्याने मांजराचा ओठ वर करून हिरडी पाहिली, आणि पंतांच्या तोंडाकडे पाहिले.

"पंतभिया, ह्या बिल्लीला डोकेदुखीची पूड कोणी चारली?"

"डोकेदुखीची पूड?"

"आता दाखवतो." त्याने विभूती पाण्यात टाकून उकळली, कढत असतानाच जाड फडक्यातून गाळली आणि गाळलेले पाणी ओल्या कापडावर ठेवून निवू दिले. फडक्यात राख राहिली होती. पाणी स्वच्छ होते. ते जसजसे निवले तसतसे त्याच्या तळाशी अभ्रकाच्या पापुद्र्यांसारखे चमकते, पांढरे कण बसू लागले. "राख गेली वर, माल आला खाली. असिटॅनिलाइड म्हणतात ह्याला. डांबरापासून काढतात विलायतेत. ताप उतरवतं, डोकं थांबवतं, बडी उमदा चीज आहे. पण रोज रोज घेतली की माणसाचेही ओठ निळे पडतात, रक्त बिघडतं."

"आणि मांजराला?"

उमाशंकरने हात पुसले. "महूला एका मेजराच्या मडमेची मांजर लंगडत होती. मला दया आली. मी म्हटलं, माणसाच्या पुडीचा चवथा हिस्सा देऊ, बिचारीला आराम पडेल. दुसऱ्या दिवशी मेली. घोड्यांच्या डाक्टरनं चिरून दाखवली: रक्त लाल नाही, काथासारखं! म्हणाला, गाढवा, माणसाचं शरीर हे औषध पचवून बाहेर टाकतं. मांजराच्या शरीरात ती सोयच नाही. तिच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकदच जाते, आणि ती उघड्या हवेत गुदमरून मरते. थोडं दिलं म्हणून वाचत नाही. लहान मूल समजून दिलं म्हणूनही वाचत नाही. मांजर म्हणजे लहान माणूस नव्हे, पंतभिया."

मोरोपंत बाकावर बसले. त्यांची चूक त्यांना आता स्वच्छ दिसत होती. एकाला जे विष ते सर्वांना विष, हे त्यांनी सिद्ध न करताच गृहीत धरले होते. आणि त्या एका गृहीतावर एका बाईच्या जिभेचा डाग वाढला होता.

"चला, हे कण लोकांना दाखवू," ते म्हणाले.

"दाखवून काय उपेग? तुम्ही काल हरलात. मी पगारी माणूस. म्हणतील, दोघांनी मिळून साखर आणली." उमाशंकरने कणांवर फडके झाकले. "त्यांच्या डोळ्यांसमोर मांजर मेली पाहिजे. काही दुखत नसताना. आणि ती तुमची नको, माझी नको."

पंतांनी मनाशी मांडणी केली. अन्वय झाला होता: विभूती आणि दुखणे दोन्ही असता मांजर मरते. व्यतिरेक राहिला होता: विभूती आहे, दुखणे नाही, तर काय होते? शास्त्रात हा प्रश्न एका ओळीत सुटतो. देवीसागराच्या काठी त्याला एक जिवंत मांजर लागणार होते.

अमावास्येच्या सकाळी तांबट ओळीत जत्रा भरली. भट्टी पेटली होती, लोखंडाची कांब तीत लाल होत होती. नर्मदाबाईला खांबाशी बसवले होते; हात मागे बांधले होते. तिने अन्न सोडले होते, की कोणी दिले नव्हते, हे कळायला मार्ग नव्हता. महाराज व्याघ्राजिनावर बसले होते. गर्दीतल्या बायका तिला शिव्या देत होत्या, आणि त्यांतल्या निम्म्यांची बाळंतपणे तिनेच केली होती.

"आले पंत!" कोणी ओरडले. "आज काय प्यायला घालता?"

मोरोपंतांनी हात जोडले. "आज मी हरलो हे सांगायला आलो. महाराजांची विभूती माणसाला विष नाही. मी स्वतः प्यालो. माझी अर्धशिशी अर्ध्या घटकेत गेली."

गर्दीत आनंदाची लाट उसळली. संताजीने पंतांना जवळ बसवून घेतले. महाराजांनी हात उंचावून आशीर्वाद दिला.

"एकच शंका उरली आहे, संताजीराव, ती फिटली की मी महाराजांच्या पायांवर डोके ठेवीन. विभूती दुखण्याला मांजराचे घर दाखवते. बरे. पण जेथे दुखणेच नाही, तेथे विभूती काय करील? आज आपण सगळे ठणठणीत आहो. अशा वेळी कोणा मांजराला निव्वळ प्रसाद म्हणून विभूतीचे दूध दिले, तर तिला काही होईल काय?"

"काय होणार?" संताजी हसला. "पाहुणाच नाही, तर घर कसलं मोडतंय! उलट पुण्य लागेल तिला."

"महाराजांचेही हेच मत?"

महाराजांच्या हातातली माळ थांबली. मांजर मरेल म्हणावे, तर दुखण्यावाचून मरते हे कबूल होते. मरणार नाही म्हणावे, तर परीक्षा समोर उभी. दोन्ही बाजूंनी फास लागला होता, आणि मोरोपंत त्या दोराची दोन्ही टोके धरून अत्यंत नम्रपणे बसले होते.

"आज तिथी नाही," महाराज म्हणाले. "अमावास्येला विभूती उष्ण असते. आधी डाग होऊ द्या."

"उष्ण कसली, महाराज? ही माझी मखमल!" संताजी भक्तिभावाने उसळून उठला होता. "माझ्या घरातली. तुमच्या विभूतीनं माझ्या मांजरीचं वाईट होईल, असं ह्या ओळीत कोण म्हणतो? आई, मखमल आण गं!"

संताजीची आई यमुनाबाई उंबऱ्यात बसली होती. वय ऐंशीच्या पुढे. तिच्या मांडीवर पांढरीशुभ्र मांजर होती. नातवंडे दूर गावी गेल्यापासून ती म्हातारीच्या ताटातच जेवी.

"काही होणार नाही ना रे, संता?"

"काही होत नाही, आई. प्रसाद आहे."

म्हातारीने पंतांकडे पाहिले. "तुम्ही शिकलेले. काही होणार नाही ना, पंत?"

मोरोपंतांनी भट्टीतली कांब पाहिली. खांबाशी बांधलेली बाई पाहिली. मग ते म्हणाले, "संताजीराव सांगतात ते तुम्ही ऐकलेच आहे, आजी." आयुष्यात त्यांनी पुष्कळ वाद जिंकले होते, इतके गलिच्छ वाक्य त्यांच्या तोंडून एकदाही निघाले नव्हते.

महाराज स्नानाचे निमित्त करून उठू लागले. दोन धिप्पाड तांबटांनी त्यांच्या पायांवर डोकी ठेवली आणि पाय सोडले नाहीत. "आपण बसा, महाराज. आपल्याशिवाय प्रसादाची शोभा काय?"

संताजीने महाराजांच्या डबीतून स्वतः चिमूट घेतली; मोठी घेतली, कारण श्रद्धा मोठी होती. मखमल दूध प्याली, वाटी चाटली, पंजा चाटला, आणि उन्हात अंग पसरून बसली.

"बघा!" संताजी म्हणाला.

"बसू या घटकाभर," मोरोपंत म्हणाले.

ते बसले. कांब थंड होऊ नये म्हणून भाता चालू ठेवला होता. पहिल्या प्रहरात काही झाले नाही, आणि लोक कंटाळून पंतांची टर उडवू लागले. मग मखमल उठली. तिला उभे राहता येईना. तिचा श्वास लोहाराच्या भात्यासारखा चालू लागला. तोंडातून लाळेची तार सुटली. मुखडा सुजून डोळे बारीक झाले. संताजीने धावत जाऊन तिचा ओठ वर केला. गुलाबी हिरडी शाईच्या दौतीत बुडवल्यासारखी झाली होती.

कोणी "जय हो" म्हटले नाही.

मांजर त्याच्या हातातून निसटली. ओळीच्या टोकाला नर्मदाबाईचा रांजण होता, ओली गार जमीन होती; तिकडे तिने पाहिलेही नाही. पाय ओढीत, मध्ये दोनदा पडत, ती उंबऱ्याशी गेली आणि यमुनाबाईच्या लुगड्यात तोंड खुपसून पडली.

मोरोपंत उभे राहिले.

"संताजीराव, दुखणे कोणाचे होते? कोणाचेच नव्हते. तरी ती मरते आहे. आता दुसरे. मरते जनावर डाकिणीच्या दारी जाते, हा नियम माझा नव्हे, महाराजांचा. मांजर कोणापाशी गेली ते सर्वांनी पाहिले. कांब लाल आहे. उचला सांडशी."

संताजीने आईकडे पाहिले. अख्ख्या ओळीने पाहिले.

"काय रे, सगळे माझ्याकडे का बघता?" म्हातारी म्हणाली. "हिला पाणी आणा कोणी तरी. हिला काय झालं?"

संताजीने भट्टीवरची सांडशी उचलून खाली टाकली. भाता थांबला.

मग उमाशंकर पुढे आला. त्याने ते चमकते कण पळसाच्या पानावर ठेवून सर्वांपुढे फिरवले; ते कसे निघाले, ते कसले औषध, आणि संताजीचे ओठ निळे का, हे त्याने सांगितले. महाराजांच्या झोळीत हात घातल्यावर पांढऱ्या पुडीचा विलायती डबा निघाला. नीलकंठाची खूण त्या डब्यात दोन-अडीच शेर तरी शिल्लक होती.

"पोटासाठी करतो, बाबा," महाराज म्हणाले. आवाज एकदम मनुष्याचा झाला होता. "माणसांना आराम तर पडतो ना? मांजर तर मांजर!"

त्यावर ओळीने जे करायचे ठरवले ते मोरोपंतांना अनपेक्षित नव्हते. चौघांनी महाराजांना खाली पाडले, पाचव्याने पडलेली सांडशी उचलली, आणि ज्या बायका नर्मदाबाईला शिव्या देत होत्या त्याच आता "कपाळावर! जिभेवर!" असे ओरडू लागल्या. देव बदलला होता. भूक तीच होती. पंत मध्ये पडले, तर त्यांना कोपर बसून त्यांचे नाक फुटले.

एवढ्यात भट्टीतून मोठा फूत्कार उठला आणि ओळ वाफेने भरली. उमाशंकरने दोर सोडलेली नर्मदाबाई घागर पालथी करून भट्टीपुढे उभी होती. दुसरी घागर तिने भरून आणली आणि तीही ओतली. कांब काळी पडली. महाराजांना नंतर बांधून कोतवालीत नेले.

तिची क्षमा कोणी मागितली नाही. ती जाऊन यमुनाबाईशेजारी बसली. दोघी त्या मांजरीच्या तोंडात बोळ्याने पाणी पिळीत राहिल्या. उमाशंकरने आधीच सांगितले होते, की ह्यावर आपल्या दवाखान्यात उतारा नाही.

ओळीतल्या लोकांनी मोरोपंतांना घेरले. एकाने दबकत विचारले, "पंत, मग ती पूड... डोकं दुखलं तर घ्यावी का?"

"डॉक्टर सांगेल तेव्हा, सांगेल तितकी," पंत नाकाचे रक्त पुसत म्हणाले. "आणि मांजराला कधीच नाही, चिमूटभरही नाही, दया आली तरी नाही. जे औषध तुम्हांला तारते ते तिला मारते. ह्यात देव नाही, डाकण नाही, पाहुणा नाही. शरीर निराळे आहे, एवढेच. तुम्ही एवढी मांजरे पोत्यात घालून नेलीत. दुखणे नसताना दिले तर काय होते, हे एकानेही विचारले नाही. मांजरे नर्मदाबाईकडेच का जातात, हे विचारले नाही. त्यांना खायला कोण घालते हे ओळीतल्या पोराला ठाऊक होते. ह्या प्रश्नांना काशीचे शास्त्र लागत नाही. आता तरी विचारायला शिका. उत्तर देणारा गंध लावून बसला असो की पागोटे घालून, त्यालाही विचारा, आणि मलाही विचारा."

"मी विचारते," उंबऱ्यातून यमुनाबाई म्हणाली.

लोक बाजूला झाले. मखमल मेली होती. म्हातारीने तिच्यावर पदर ओढला होता.

"तुम्हांला ठाऊक होतं, ही मरणार ते?"

"होय, आजी."

"मी तुम्हांला विचारलं होतं."

"होय. खरे सांगितले असते तर तुम्ही ती दिली नसती, आणि नर्मदाबाईच्या कपाळावर आज डाग असता."

यमुनाबाईने नर्मदाबाईच्या कपाळाकडे पाहिले.

"मग बरोबर केलंत," ती म्हणाली. "पण पुन्हा माझ्या दारात येऊ नका."

मोरोपंतांनी हात जोडले, आणि छत्री न उघडताच ते ओळीबाहेर चालू लागले.